रोमानचा बाप्तिस्मा

“पाणी घातलंस का गं पोरी?” तिबुर्सियोबाबांनी मला विचारलं.

त्यांच्या हातात फावडं होतं. गावाच्या भिंतीबाहेर, जिथे राखेचा उकिरडा संपून काटेरी झुडपं सुरू होतात, तिथे त्यांनी हातभर लांबीचा खड्डा खणून ठेवला होता. दिवस मावळत आला होता. अन्सेल्मो आपलं मेलेलं पोर छातीशी धरून उभा होता आणि पोराला माझीच शाल गुंडाळलेली होती. मूठभर गाव आमचं, ते सगळं तिथे जमलं होतं.

“बोल की,” बाबा म्हणाले. “जीव जायच्या आधी याच्या डोक्यावर पाणी घातलंस का? घातलं असशील तर हा खड्डा मी आत्ता बुजवतो आणि याला चर्चच्या जमिनीत याच्या आईशेजारी ठेवतो. नसेल घातलं, तर माझा नाइलाज आहे. बाप्तिस्मा न झालेलं पोर मला आत घेता येत नाही.”

चर्चची देखभाल बाबांकडे होती, तेव्हा हे विचारणं त्यांचं कामच होतं. मी अन्सेल्मोकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघतच नव्हता. त्याची नजर त्या खड्ड्यावर होती.

पण थांबा पोरींनो. असं मधूनच सुरू केलं तर तुम्हाला काय डोंबल कळणार! अन्सेल्मो कोण, मी कोण, आणि ओंजळभर पाण्यावरून एवढं काय अडलं होतं, ते आधी ऐका.

आमच्या गावाचं नाव ओहो सेको, म्हणजे आटलेला झरा. नावातच सगळं आलं. सान्ता फेच्या उत्तरेला, डोंगर संपून मैदान सुरू होतं त्या तोंडावर, गव्हर्नरनं स्पेनच्या राजाच्या नावानं आमच्या लोकांना जमीन दिली. फुकट दिली हो, अगदी फुकट! फक्त तिथे राहायचं, भिंत बांधायची, नदीवरून पाट खणून आणायचा, आणि मैदानातून कोमांचे टोळीचे घोडेस्वार चालून आले की आधी आपण मरायचं, म्हणजे मागच्या मोठ्या लोकांना दारं लावून घ्यायला वेळ मिळतो. ताबा घेतला त्या दिवशी सगळ्यांनी मूठमूठ गवत उपटून हवेत उडवलं, दगड भिरकावले आणि राजाचा जयजयकार केला. राजा बसला होता समुद्रापलीकडे. त्याला काय ऐकू जाणार होतं!

मी तर त्या जयजयकार करणाऱ्यांतलीही नव्हते. मी जन्मले मैदानातल्याच कुठल्याशा टोळीत. लहान होते तेव्हा कोमांच्यांनी आमच्या तंबूंवर हल्ला केला, मला पळवलं आणि ताओसच्या जत्रेत आणून उभं केलं. ग्रेगोरियाबाईंनी एक खेचर देऊन मला घेतलं. याला आमच्याकडे विकत घेणं म्हणत नसत, सोडवणं म्हणत. मला सोडवलं, आंघोळ घातली, बाप्तिस्मा करून सेफेरीना नाव ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी पाट्यावर मका वाटायला बसवलं. बाई तोंडाच्या तिखट होत्या, पण मला उपाशी कधी ठेवलं नाही. खोटं कशाला बोलू?

अन्सेल्मोचं घर बाईंच्या घराला लागूनच होतं. उंच, हडकुळा माणूस. विनोद सांगायला लागला की संपायच्या आत स्वतःच हसत सुटायचा, त्यामुळे त्याचा एकही विनोद आम्हाला कधी पुरता कळला नाही. त्या वर्षी हिवाळा संपता संपता त्याची बायको बाळंतपणात गेली. पोर मात्र वाचलं. आसपास दुभती शेळी एकट्या बाईंचीच होती, तेव्हा पोराला दूध पाजायचं काम माझ्यावर आलं. मी चिंधी दुधात भिजवायची आणि ते चुरूचुरू चोखायचं. पोर माझं बोट सोडायचं नाही, आणि पोराचा बाप आमचं दार सोडायचा नाही.

“सेफेरीना,” एक दिवस तो दारातूनच म्हणाला, “हे तुलाच आई समजायला लागलंय. आता याला काय सांगू?”

“खरं ते सांग,” मी म्हटलं.

“नको. त्यापेक्षा तू घरी ये माझ्या. म्हणजे हे समजतंय तेच खरं होईल.”

असं विचारलं त्यानं. त्या दिवशी काही तो हसला नाही. मी मान खाली घालून चिंधी पिळत राहिले, आणि बाई आतून ओरडल्या, “हो म्हण की गं कार्टे, का आता ते पण मीच म्हणू?”

पाद्रीबाबा आमच्याकडे वर्षातून एकदाच यायचे, मक्याची कापणी झाल्यावर. तोवरची सगळी लग्नं, सगळे बाप्तिस्मे त्यांच्यासाठी थांबून राहायचे. आमचं लग्न तेव्हाच ठरलं आणि पोराचा बाप्तिस्माही. अन्सेल्मो माझ्यासाठी घराला एक खोली वाढवत होता. संध्याकाळी दोघं मिळून माती आणि गवत पायांनी तुडवायचो, साच्यात घालून विटा पाडायचो, त्या उन्हात वाळत ठेवायचो. गुडघ्यापर्यंत चिखल आणि तोंडानं अखंड बडबड. मला जन्मात स्वतःचं दार नव्हतं हो. दुसऱ्याच्या चुलीपुढे झोपलेली मी. त्या खोलीचं दार कुठल्या बाजूला काढायचं हे त्यानं मला विचारलं, तेव्हा मला हुंदकाच आला. पूर्वेला काढ म्हटलं.

मग उन्हाळा आला आणि तो जायचं नावच घेईना. पाट अजून गावापर्यंत पोचला नव्हता, नदी बारीक झाली, शेळी आटली, आणि पोराला हगवण लागली. दोन दिवसांत डोळे खोल गेले त्याचे.

“बाई,” मी ग्रेगोरियाबाईंना म्हटलं, “याला आताच पाणी घालून टाकूया का?”

“गप बस. कोणाचं पोर जरा शिंकलं की तिबुर्सियो पाणी घेऊन धावायचा, तर मागच्या खेपेला पाद्रीबाबा केवढे बरसले त्याच्यावर! पोर अगदी मरणाच्या दारात असेल तरच आपल्यासारख्यांनी हात घालायचा. हे काही मरत नाही. आणि तू तर मुळीच पुढे होऊ नकोस. डोकं आहे ना जागेवर?”

“का?”

“का म्हणजे! जी पाणी घालते ती पोराची देवासमोरची आई होते. तू पाणी घातलंस की अन्सेल्मोची कोमाद्रे झालीस, आणि तो तुझा कोंपाद्रे. सख्ख्या बहीणभावापेक्षा पवित्र नातं ते. मग कसलं लग्न आणि कसलं काय! असल्या दोघांनी एकमेकांकडे वाकड्या नजरेनं पाहिलं तरी मेल्यावर आगीचे गोळे होऊन माळावर फिरतात. माझ्या आजीनं बघितलेत.”

“आणि वेळच आली तर?”

बाईंचा आवाज उतरला. “वेळ आली तर आधी पोर, मग बाकीचं. बाप्तिस्मा नसलेलं पोर देवापाशी जात नाही, सेफेरीना. ते लिंबोत जातं. तिथे दुःख नाही म्हणतात, पण उजेडही नाही. आई वर आणि ते तिथे, अशी कायमची ताटातूट.”

दुसऱ्या दिवशी पहाटे पोराला जरा बरं वाटलं, ताप उतरला. वरच्या कुरणात युलालियाबाई गावाच्या मेंढ्या घेऊन राहिली होती. तिचं मूल अंगावर पीत होतं, तिला दूध उतू जात होतं. पोराला तिच्याकडे नेऊन ठेवावं असं ठरलं. अन्सेल्मोची त्या दिवशी बुरुजावर पहाऱ्याची पाळी होती, आणि पहारा सोडणाऱ्याची जमीन जायची, म्हणून मी निघाले. त्यानं स्वतः विहिरीतून पाणी काढून भोपळ्याचा तुंबा काठोकाठ भरला आणि माझ्या कमरेला बांधला.

“याला पाज, आणि तूही पी,” तो म्हणाला. “उगाच घसा कोरडा ठेवून शूरपणा करू नकोस.”

“तू बुरुजावर झोपू नकोस म्हणजे झालं,” मी म्हटलं.

अर्धी वाट चढून गेले असेन. मैदानाकडे धूळ दिसली. मेंढ्यांची धूळ जमिनीलगत राहते, घोड्यांची वर चढते, हे आमच्याकडे लहान पोरांनाही माहीत. ही वर चढत होती. परत फिरावं तर वाट उघडी बोडकी. मी पोराला घेऊन खडकाच्या एका कपारीत शिरले आणि पाय पोटाशी ओढून बसले. घोडेस्वार आले आणि नेमके त्याच खडकाखालच्या झाडांच्या सावलीत उतरले. घोड्यांची खोगिरं काढली आणि खुशाल आडवे झाले. मला त्यांच्या घोड्यांचा वाससुद्धा येत होता. एकदा पळवलेली बाई आहे मी, पुन्हा त्यांच्या हाती लागायचं म्हणजे काय ते मला कोणी सांगायला नको. दुपार सगळी तशीच गेली. त्या दिवशी त्यांनी गावाला हात लावला नाही. उन्हं उतरल्यावर उठले, कुरणातले घोडे हाकलले आणि गेले. युलालियाबाई मेंढ्या टाकून झाडीत लपली होती, तीही वाचली.

मी कपारीतून बाहेर आले तेव्हा पोर गेलेलं होतं. आधीच सुकलेलं ते, त्यात दिवसभराची ती भट्टी. आत काय झालं ते मी सांगणार आहे, पण आत्ता नाही. गावाकडे उतरत होते तेव्हा समोरून अन्सेल्मो धावत येताना दिसला. धूळ बघून त्याचा जीव टांगणीला लागला होता, पहारा सुटल्याबरोबर निघाला होता. मी नुसतं पोर पुढे केलं. त्यानं ते घेतलं, आणि गाव येईपर्यंत आम्ही एक अक्षर बोललो नाही.

आणि आता तिबुर्सियोबाबा फावडं घेऊन विचारत होते, पाणी घातलंस का.

“घातलं,” मी म्हटलं.

गावातून एक मोठा उसासा आला. माझ्या शेजारी ग्रेगोरियाबाई होत्या, त्यांनी माझा दंड असा करकचून धरला की वळ उठला.

“काय म्हणून घातलंस?” बाबांनी विचारलं.

“पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं तुला बाप्तिस्मा देते, असं म्हणून.”

“नाव?”

नावाचा मी विचारच केला नव्हता. पोराला आम्ही आजवर बाळच म्हणत होतो. “रोमान,” मी म्हटलं. का कोण जाणे. त्या नावाचं गावात कोणी नव्हतं.

“रोमान,” अन्सेल्मो म्हणाला. त्यानं शालीची कड बाजूला केली आणि पोराच्या तोंडाकडे बघत पुन्हा म्हणाला, “रोमान.” आणि मग ढसाढसा रडायला लागला.

“ए, रडायचं नाही!” बाबांनी फावडं टाकलं आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. म्हाताऱ्याचेच डोळे वाहत होते. “बाप्तिस्मा झालेलं पोर आहे ते, देवदूत झालाय त्याचा. रडलात तर त्याचे पंख भिजतील, उडायचं कसं त्यानं? व्हायोलिन आणा रे कोणीतरी!”

आमच्याकडे रीतच तशी. बाप्तिस्मा झालेलं तान्हं पोर गेलं तर त्याचं सुतक नाही, सण. बायकांनी धावपळ करून रानफुलांचा मुकुट केला, पांढऱ्या कापडात पोराला सजवलं, कोणी तरी व्हायोलिन खरखरवलं, घंटा वाजली. चर्चच्या मातीच्या जमिनीत त्याच्या आईशेजारी त्याला ठेवलं. सगळे हसत होते, डोळे पुसत होते आणि हसत होते. मीही हसले. माझं लग्न मी नुकतंच स्वतःच्या तोंडानं मोडलं होतं, आणि मला रडायची परवानगी नव्हती.

बाहेर आल्यावर बाईंनी मला भिंतीआड ओढलं. “मूर्ख पोरी! आधी मला एकटीला सांगायचं होतंस. मी म्हटलं असतं, घरून निघायच्या आधी मीच पाणी घातलं होतं म्हणून.”

“सुचलं नाही, बाई.”

“सुचलं नाही म्हणे!” त्या म्हणाल्या, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला पोटाशी धरलं. “माझं लेकरू गं ते,” असं काहीतरी पुटपुटल्या. पोराला म्हणाल्या की मला, ते मी विचारलं नाही.

अन्सेल्मोनं खोलीचं काम थांबवलं. विटा रचून ठेवल्या होत्या तशाच राहिल्या. समोर आलो की दोघंही वाट बदलायचो. पण आशा सुटत नव्हती त्याची, मला दिसत होतं ते. कापणी झाली, पाद्रीबाबा खेचरावरून आले, आणि अन्सेल्मो त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. या नात्यातून सुटका करायचा अधिकार फक्त बिशपना, ते म्हणाले. बिशप दुरांगोला. तिथे जायला-यायला वर्ष, आणि ओहो सेकोच्या एका विधुराचं आणि खेचराच्या बदल्यात आणलेल्या मुलीचं गाऱ्हाणं तिथे कोण ऐकणार! “मी उद्या प्रार्थनेनंतर तिला क्रुसावर हात ठेवून विचारीन,” ते म्हणाले. “पाणी घातलं असेल तर लग्न नाही. घातलं नसेल तर परवा लावून देतो. पण मग पोर आतून काढावं लागेल.”

त्याच दिवशी दुपारी मी नदीवर लोकर धूत होते तिथे अन्सेल्मो आला. पाण्याच्या कडेला उकिडवा बसला.

“उद्या तो विचारील,” तो म्हणाला. “तू नाही म्हण.”

“काय?”

“पाणी घातलंच नाही, असं सांग. कपारीत तुझ्याशिवाय होतं कोण? कोणी पाहिलंय?”

माझ्या हातातून लोकर सुटली आणि वाहून जायला लागली. त्यानंच पाण्यात उतरून ती पकडली.

“आणि रोमान?” मी विचारलं.

“रोमानचं काय? हाडं बाहेर काढतील, भिंतीबाहेर पुरतील. पुरू देत. मी रोज जाऊन दगड लावीन, कोल्हे उकरणार नाहीत. अगं, हाडांचं काय घेऊन बसलीस? पाणी तर खरंच पडलंय ना त्याच्या डोक्यावर? देवाला ते ठाऊक आहे. पोर माझं वर पोचलं, आईच्या मांडीवर बसलंय. तिथून त्याला कोणी पाद्री काढू शकत नाही. तेवढं एक मला ठाऊक आहे म्हणून मी जेवतो-झोपतो, सेफेरीना. नाहीतर बुरुजावरूनच खाली उडी टाकली असती.”

आता सांगते कपारीत काय झालं ते. त्यातलं आज कोणी उरलेलं नाही, ते जुनं चर्चही पुरात बसलं, आता कोणी उकरायला जाणार नाही.

पोराला तहान लागली होती. सकाळपासून मी त्याला तुंब्यातलं पाणी पाजत होते, बोटावरून थेंब थेंब. ते चोखायचं, पुन्हा तोंड उघडायचं. मी स्वतः प्यायले नाही. माझ्या मनात मरणाचा विचारच नव्हता हो! ते जगावं म्हणून पाजत होते, संध्याकाळी युलालियाबाईच्या अंगावर लावायचं म्हणून पाजत होते. शेवटचा थेंबसुद्धा त्याच्या जिभेवर सोडला. आणि थोड्या वेळानं त्यानं डोळे फिरवले. मी तुंबा उलटा केला, झटकला, आत बोट घालून फिरवलं. कोरडा. तोंडात थुंकीही नव्हती, आणि थुंकी चालतही नाही, पाद्रीबाबांनी आम्हाला शिकवलं होतं. खाली माणसं आणि घोडे, आणि त्यांच्याजवळ पाण्याच्या पखाली. मी शब्द म्हटले. पित्याच्या, पुत्राच्या… सगळे म्हटले. पण पाण्याशिवाय नुसते शब्द म्हणजे काही नाही. त्याच्या डोक्याला एक थेंब लागला नाही. तसंच गेलं ते.

तिबुर्सियोबाबांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले ते त्या खड्ड्याकडे बघणाऱ्या अन्सेल्मोसाठी. दुसरं काही डोक्यात आलंच नाही. आणि आता तोच अन्सेल्मो माझ्यापुढे बसून मला खोटं बोल म्हणत होता. अरे वेड्या, जे तू मला खोटं म्हणून सांगायला सांगतोयस तेच खरं आहे! हे माझ्या अगदी ओठांवर आलं. एवढं बोलले असते की परवा लग्न होतं. पूर्वेचं दार होतं, चूल होती, तो होता. आणि त्याच क्षणी त्याचं पोर आईच्या मांडीवरून उठलं असतं आणि कायमचं अंधारात जाऊन बसलं असतं. मग तो माझ्याशेजारी झोपला असता आणि आढ्याकडे बघत राहिला असता.

मैदानातली माझी आईही बिनबाप्तिस्म्याचीच गेली. रोमान जिथे असेल तिथे तीही असेल, तिनं उचललं असेल त्याला, अशी मी माझी समजूत घातली होती. पण ती आई माझी होती. अन्सेल्मोला त्याचा काय आधार!

“क्रुसावर हात ठेवून खोटं बोलू म्हणतोस?” मी विचारलं.

देवभोळा माणूस. ओली लोकर हातात पिळत होता, पिळून संपली तरी पिळत होता. मग म्हणाला, “नाही. नको. मी वेडा झालोय. तू माझं पोर देवापाशी पोचवलंस आणि मी तुलाच नरकात घालायला निघालो.”

“जा आता,” मी म्हटलं. “कोणी बघेल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या गावासमोर मी क्रुसावर हात ठेवला.

“पोराच्या डोक्यावर पाणी घातलंस?” पाद्रीबाबांनी विचारलं.

“घातलं.”

“स्वच्छ पाणी?”

“विहिरीचं. याच्या बापानंच भरून दिलेलं.”

पाद्रीबाबांनी मान हलवली. मग रीतीप्रमाणे अन्सेल्मो पुढे आला. टोपी काढली. मला तो आजवर अगं-तुगं करायचा. कोमाद्रेला तसं बोलत नाहीत. तो म्हणाला, “कोमाद्रे, तुमचे माझ्यावर फार उपकार आहेत.” आणि मी म्हटलं, “तुमचं पोर ते माझंच की, कोंपाद्रे.” त्यानं नेमाप्रमाणे मला खांद्याला धरून गळाभेट घेतली. जिवंतपणी तो मला एवढाच मिळाला.

पुढे त्यानं नदीखालच्या गावातली रोसाउरा केली. चांगली बाई, मला कधी परकं मानलं नाही. त्या विटांचा त्यांनी शेळ्यांसाठी गोठा बांधला. मी ग्रेगोरियाबाईंच्या शेवटपर्यंत त्यांच्यापाशी राहिले, आणि त्या गेल्यावर त्यांच्याच चुलीपुढे. अन्सेल्मोच्या घरी प्रत्येक सणाला पहिलं ताट कोमाद्रेला. त्याच्या मुली माझ्या हाताचं चुंबन घेऊन आशीर्वाद मागायच्या. लोक म्हणायचे, नशीबवान हो ही, कोणी नसून सगळे आहेत. मी ‘हो’ म्हणायची. चिडायची, भांडायची, रात्री गप पडून राहायची. पाप मी कधी कबुलीत सांगितलं नाही, कारण पाद्री काय म्हणाला असता ते मला माहीत होतं. माझी जागा लिंबोच्याही खाली असेल म्हणे. असू दे. बघून घेईन मी.

अन्सेल्मो म्हातारा होऊन गेला, आपल्या अंथरुणात, भर दुपारी. मला बोलावणं पाठवलं होतं. रोसाउरानं मला उशाशी बसायला जागा दिली. तो इतका वाळला होता की नुसते डोळे राहिले होते, पण डोळे अगदी निवांत होते. मरणाची भीती नावाला नव्हती.

“कोमाद्रे,” तो म्हणाला, “आता रोमान भेटेल मला.”

“भेटेल, कोंपाद्रे.”

“इतकी वर्षं एक विचारायचं राहून गेलं. धीरच झाला नाही. तुम्ही पाणी घातलंत तेव्हा तो रडला का?”

सगळे माझ्याकडे बघत होते, मुली, नातवंडं, रोसाउरा. कपारीत ते पोर रडलं नव्हतं. रडायला त्याच्यात काही शिल्लकच नव्हतं.

“रडला तर!” मी म्हटलं. “पाणी गार होतं ना. एवढं मोठं तोंड उघडलं आणि चांगला खणखणीत रडला.”

अन्सेल्मोच्या तोंडावर हसू आलं. बायकोकडे मान वळवून तो म्हणाला, “ऐकलंस? खणखणीत रडला म्हणे.”